सहभोजनाचा इतिहास आणि आपल्या वस्तीची वालाची उसळ





आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाची बैठक यंदाही रात्री जेवणं उरकल्यावर विहारातच भरली. मंडप, लाऊडस्पीकर, धम्मदेसनेसाठी भन्तेजींना निमंत्रण, हे विषय अर्ध्या तासात संपले. मग प्रश्न निघाला जेवणाचा. यंदा केटरर नको, घराघरातून शिजवून आणायचं आणि सगळ्या घरांनी एकच पदार्थ करायचा, असं महिला मंडळानं आधीच ठरवलं होतं. पण तो पदार्थ कोणता? एक म्हणाली खीर, दुसरी म्हणाली पुरी-भाजी. तरुण पोरांनी बिर्याणीचा आग्रह धरला. मागच्या बाकावरून कोणीतरी "मटण!" असं ओरडलं आणि सगळे हसले. रात्रीचे अकरा वाजले तरी निर्णय होईना. शेवटी एक ताई आमच्याकडे वळून म्हणाल्या, "दादा, तुम्ही एवढी पुस्तकं वाचता, तुम्हीच सांगा."

आम्ही गिरणीत पाळीवर काम करणारा माणूस. शाळा अर्धवट राहिली. वाचन झालं ते रात्रपाळीच्या सुट्टीत आणि कर्जत-खोपोली लोकलमध्ये. स्वयंपाकातलं आम्हाला काय कळणार? पण घरी येऊन विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आलं की हा प्रश्न निव्वळ स्वयंपाकाचा नाही. कोणी काय शिजवावं आणि कोणाच्या हातचं कोणी खावं, यावरच या देशात हजारो वर्षे माणसाची किंमत ठरवली गेली. म्हणून हा लेख.

आपल्या भाकरीचा इतिहास

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी गावकीची कामं महाराकडे असत. सांगावा पोहोचवायचा, सरकारी माणसाची पडशी वाहायची, मेलेलं जनावर ओढायचं. त्याचा मोबदला म्हणून येसकराने संध्याकाळी दारोदार जाऊन भाकरी मागायची. ती भाकरी वरून टाकली जायची, हात लागू न देता. कधी आजची, कधी कालची, कधी उष्टी. दहा घरची दहा प्रकारची भाकरी एका टोपलीत यायची आणि तीच घरची पोरं खायची. आमची आजी सांगायची की टोपलीतली भाकरी हातात घेतली की ती कोणत्या घरची आहे हे तिला वासावरून कळायचं. लहानपणी आम्हाला याची गंमत वाटायची. मोठेपणी त्यातली लाज कळली.

परमपूज्य बाबासाहेबांनी नेमकं इथंच बोट ठेवलं. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. कुलाबा म्हणजे आजचा आपला रायगड जिल्हा. त्या परिषदेत बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या आधी आपल्याच लोकांना बजावलं की मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, उष्टे तुकडे मागणं सोडा. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. ही भाकरी फुकट मिळत नाही, तिच्यापायी आपण पिढ्यान् पिढ्या बांधले गेलो आहोत, हे त्यांनी ओळखलं होतं. हलकी गावकी वतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं.

आज आपल्या घरात आपल्या पैशाचं पीठ आहे आणि आपल्या चुलीवर, नाहीतर गॅसवर, आपली भाकरी भाजली जाते. ही साधी गोष्ट वाटते. पण ती मिळवायला लढा द्यावा लागला हे आपल्या पोराबाळांना माहीत पाहिजे.

महाडची पंगत

महाडचा सत्याग्रह म्हटलं की आपल्याला पाणी आठवतं. ते बरोबरच आहे. पण महाडचा इतिहास अन्नाचाही आहे. मार्चच्या परिषदेसाठी हजारो माणसं जमली. गावात तळं भरलेलं होतं, तरी परिषदेला चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. २० मार्चला बाबासाहेबांच्या मागोमाग माणसं रांगेने तळ्यावर गेली, पाणी प्याली आणि शांतपणे मंडपाकडे परतली. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई गावात उठली. जमाव लाठ्याकाठ्या घेऊन मंडपावर चालून आला. तेव्हा आपली माणसं काय करत होती? कोणी गावी परतायला गाठोडी बांधत होती, कोणी जेवत होती. त्यांना मारहाण झाली आणि शिजलेलं अन्न मातीत कालवलं गेलं.

बंधूंनो, जरा विचार करा. पाणी पिऊन झालं होतं. मग अन्नावर राग का? कारण जेवायला बसलेला माणूस म्हणजे जगात आपली हक्काची जागा घेऊन बसलेला माणूस. मार खाऊनही बाबासाहेबांनी आपल्या माणसांना उलट हात उचलू दिला नाही.

डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली. त्या वेळी मंडपाला जागा द्यायला कोणी हिंदू तयार नव्हता. ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने. व्यापाऱ्यांनी माल द्यायचा नाही असं ठरवल्यामुळे दाणागोटा बाहेरून आणावा लागला. आपण २५ डिसेंबर १९२७ आठवतो तो मनुस्मृतीच्या दहनासाठी. पण त्या दिवशी मंडपामागे चुली पेटल्या होत्या, आणि बाहेरून आणलेल्या त्या धान्यावर हजारोंचं जेवण रांधणारे हातही होते. त्यांची नावं इतिहासात नाहीत.

पाव, चहा, आठळ्या आणि झुणका

एकत्र जेवण्याचा प्रयोग आपल्याकडे अनेकांनी केला. गंमत अशी की प्रत्येकाने पदार्थ मोठा विचार करून निवडला.

१८४९ च्या सुमारास मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस मंडळी काढली. तिचा सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. पाव का? तर तो भाजणारा हात परक्याचा म्हणून. पण हे सगळं चोरून चालायचं. १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली, नावं फुटणार म्हणून भल्याभल्यांची घाबरगुंडी उडाली आणि मंडळी मोडली. अंधारात खाल्लेला पाव उजेडात पचला नाही.

१८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटाचं प्रकरण झालं. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशी बडी मंडळी तिथं होती. कोणी चहा घेतला, कोणी नुसता समोर ठेवून घेतला, पण गहजब एवढा झाला की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तं घ्यावी लागली. एका कपाची ही ताकद!

त्याच चहाचा खरा उपयोग केला तो कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी. गंगाराम कांबळे या आपल्या माणसाला पाण्याला शिवल्यावरून मार बसला होता. महाराजांनी त्याला चहाचं हॉटेल काढायला लावलं आणि स्वतः तिथं जाऊन चहा प्यायला सुरुवात केली. बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही तो प्यावा लागला. चहा तोच होता. पण पुण्यात तो परक्या घरी, दबकत प्यायला गेला. कोल्हापुरात ज्याला तुच्छ मानलं त्याच्या हातचा, भर रस्त्यावर प्यायला गेला.

आता जरा लांब, केरळात जाऊ. तिथे १९१७ साली चेराई गावी नारायण गुरूंचे शिष्य अय्यप्पन यांनी मिश्रभोजन घडवलं. ते स्वतः ईळवा समाजाचे, म्हणजे वरच्यांनी अस्पृश्य मानलेले. पण त्यांच्याही खाली पुलय समाज ढकललेला होता. अय्यप्पन यांनी पुलयांना घेऊन पंगत मांडली. जेवण काय होतं? भात, आणि हरभरे व फणसाच्या आठळ्यांची भाजी. आपल्या कोकणात आठळ्यांची किंमत काय ते तुम्हाला सांगायला नको. फणस संपला की आठळ्या उरतात, गरिबाच्या घरीही त्या असतात. स्वतःच्याच समाजाने त्यांना वाळीत टाकलं, 'पुलयन अय्यप्पन' म्हणून हिणवलं. त्यांनी ते नाव मानाने मिरवलं. अय्यप्पन यांचं मोठेपण आम्हाला यात दिसतं की त्यांनी वरच्याला आपल्या पंगतीला बोलावण्याआधी खालच्याला बोलावलं.

महाराष्ट्रात अनंत हरी गद्रे यांनी १९३० नंतरच्या काळात झुणका-भाकर सहभोजनं गावोगावी केली. जन्माने ब्राह्मण, पेशाने पत्रकार. लाडू-जिलबीच्या पंगतीला गरीब माणूस बुजतो, परतफेड करू शकत नाही, आणि झुणका-भाकर मात्र ज्याच्या त्याच्या घरात असते, हे त्यांनी हेरलं. पुढे त्याला त्यांनी सत्यनारायणाची जोड दिली. ती आपल्याला मान्य होणारी नाही, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांना कशी होईल? पण पदार्थाची निवड मात्र शहाणपणाची होती हे मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. १९९५ साली राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर योजना काढली. तिची केंद्रं पुढे बंद पडत गेली. पैशात स्वस्त झालेली ती भाकर हातात घेताना शेजारी कोण बसलंय याची कोणाला पर्वा नव्हती.

गिरणी, रेल्वे आणि खानावळ

आपल्या पळसदरीला रेल्वे फार लवकर आली. १८५६ साली कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत गाडी सुरू झाली, बोरघाटातून पुण्याकडे जायला १८६३ साल लागलं. गाडीने सगळ्या जातीच्या माणसांना एका डब्यात बसवलं खरं. पण इंग्रजांच्या राज्यात स्टेशनांवर हिंदूंचं पाणी वेगळं आणि मुसलमानांचं वेगळं असे. यंत्र आलं म्हणून जात आपोआप जात नाही.

गिरणीतही तेच. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणाई खात्यात पगार जास्त, पण तिथं अस्पृश्य कामगाराला घेत नसत. का? तर धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढावं लागे, आणि एकाच्या तोंडचं सूत दुसऱ्याला बाटवील म्हणून! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. लाल बावट्याखाली एकत्र लढणारे कामगार धाग्यापाशी वेगळे होत होते. डबा खाताना तर बोलायलाच नको.

त्याच गिरणगावात हजारो कामगार खानावळीत जेवले. आमचे वडीलही जेवले. एका खोलीत राहणारी एखादी बाई दहा-पंधरा जणांचा स्वयंपाक करायची, महिन्याने पैसे घ्यायची आणि सावकाराचं व्याज फेडता फेडता म्हातारी व्हायची. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. घरात राबणाऱ्या स्वयंपाकिणी एकमेकींना जामीन राहिल्या. चूल वेगवेगळी, पण जबाबदारी एकत्र. आपल्या महिला मंडळानेही हा धडा ध्यानात घेण्यासारखा आहे. घरचा स्वयंपाक हे काम आहे, ते उपकार नव्हेत, आणि ते करणारीचं नाव पुढं आलं पाहिजे.

आमच्या घरातली गोष्ट

आता एक कडू गोष्ट. ती सांगू की नको, यावर आम्ही दोन रात्री विचार केला.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी भाषण तयार केलं, ते मंडळाने होऊ दिलं नाही. मग त्यांनी ते पुस्तकरूपाने छापलं. त्यात त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे की नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच. आम्ही हे अनेक सभांत सांगितलं, टाळ्या घेतल्या.

काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातल्या एका मुलाने कातकरी समाजाच्या मुलीशी लग्न केलं. विहारात, बुद्धवंदना घेऊन. आम्ही स्वतः आशीर्वादपर भाषण केलं. त्यानंतर पहिल्याच पौर्णिमेला ती सून आमच्या घरी भाकऱ्या घेऊन आली. फडक्यात बांधलेल्या, गरम. आमच्या घरात त्या झाकून ठेवल्या गेल्या. संध्याकाळी विचारलं तर कळलं, गुरांना घातल्या. "ती लोकं काय काय खातात, आपल्याला काय माहीत?" असं घरात बोललं गेलं. आणि आम्ही, बावीस प्रतिज्ञा पाठ असलेले आम्ही, पेपर वाचत गप्प बसलो.

"ती लोकं काय काय खातात" हे वाक्य कोणाविषयी बोललं जायचं? आपल्याविषयी! बाबासाहेबांनी सांगितलं होतं की रोटीव्यवहार पुरेसा नाही, बेटीव्यवहार हवा. आमच्या घरी बेटीव्यवहार झाला आणि रोटी अडून राहिली. त्या पोरीला हे कळलं होतं की नाही, आम्ही कधी विचारलं नाही. पण नंतर तिने कधी काही आणलं नाही.

परवाच्या बैठकीत ती दाराजवळ बसली होती. सगळी पदार्थांवरून वाद घालत होती, तेव्हा तिने हळूच विचारलं, "आमच्या घरची पन भाकर घ्याल ना?" कोणी बोललं नाही. तिला काय विचारायचं होतं ते निदान आम्हाला तरी कळलं.

तथागतांचं पात्र

आपल्या धम्मात अन्नाला फार मोठी जागा आहे. सुजातेची खीर आपण दर वैशाख पौर्णिमेला वाटतो. तिने दिलेलं अन्न घेऊन सिद्धार्थ गौतम बोधिवृक्षाखाली बसले आणि बुद्ध झाले. पण चुंदाची गोष्ट आपण कमी सांगतो. चुंद हा लोहार. त्याच्या घरचं जेवण हे तथागतांचं अखेरचं जेवण ठरलं, त्यानंतर आजार वाढला. लोक चुंदाला दोष देतील, तो स्वतःलाही दोष देईल, हे जाणून तथागतांनी आनंदाला सांगून ठेवलं की त्याच्या मनाला लागू देऊ नका, संबोधीपूर्वीचं आणि महापरिनिर्वाणापूर्वीचं ही दोन्ही भोजनं सारख्याच पुण्याची आहेत. मरणाच्या दारात असताना या महामानवाला चिंता होती ती रांधणाऱ्याच्या मनाची!

आणि भिक्खूचं पिंडपात म्हणजे काय? घर निवडायचं नाही. श्रीमंताचं गाठायचं आणि गरिबाचं टाळायचं असं नाही. ओळीने जायचं आणि जे पडेल ते एकाच पात्रात घ्यायचं. येसकराची टोपली आणि भिक्खूचं पात्र, दोन्हींत दहा घरचं अन्न. पहिलीत ते वरून टाकलं जायचं. दुसऱ्यात देणारा वाकून, हात जोडून देतो. आमच्या आजीला वासावरून घर ओळखता यायचं. भिक्खूला ते ओळखायचं नसतं.

वालाची उसळ

तर पदार्थ कोणता? त्या रात्री बैठक संपता संपता आपल्या वस्तीतल्या सगळ्यात जुन्या आजी बोलल्या. "वाल करा," म्हणाल्या. "वालाचं बिरडं सोलायला बायका गोल करून बसतात. कोणाच्या हातातला दाना कोणता, ते कोन सांगंल?"

आम्हाला वाटतं, वर सांगितलेला सगळा इतिहास या दोन वाक्यांत आहे.

वाल आपल्या मातीतला. भात कापून झालं की शेतातल्या उरल्या ओलीवर वाल होतो, वेगळं पाणी लागत नाही. बिर्याणीला पैसा लागतो, कोणाच्या घरची भारी आणि कोणाच्या घरची हलकी हे लगेच दिसतं. मटण काही घरं खात नाहीत. पुरीला तेल फार. वाल सगळ्यांकडे सारखा, तांदळाची भाकरी सगळ्यांकडे सारखी. मुख्य म्हणजे वालाला एकटीचे हात पुरत नाहीत. रात्री भिजवायचे, दुसऱ्या दिवशी उपसून फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. किलोभर सोलताना एकट्या बाईचं कंबरडं मोडतं. दहा जणी बसल्या तर गप्पांत संपतं.

म्हणून असं ठरलं. प्रत्येक घराने पाव किलो सुके वाल विहारात आणून द्यायचे. ते सगळे एकत्र, एकाच पिंपात भिजतील. सोलायला सगळ्या बायका विहाराच्या ओट्यावर बसतील, आणि पुरुषांनीही बसायचं आहे, हात काही झिजत नाहीत. सोललेलं बिरडं सारखं वाटून घरोघरी जाईल. कांदा, लसूण, हळद, तिखट, आमसूल, चवीपुरता गूळ आणि वरून ओलं खोबरं, फोडणी ज्याच्या त्याच्या घरच्या हाताची. पण विहारात आल्यावर सगळी उसळ एकाच पातेल्यात ओतायची. भाकऱ्याही एकाच टोपल्यात, प्रत्येक घरच्या दहा. डब्यावर नाव नाही, वेगळी वाटी नाही, "ही आमच्या घरची घ्या" नाही. लहान पोरांसाठी खीर विहार समितीकडून. पहिल्या पंगतीला रांधणाऱ्या बायका बसतील, वाढायला पुरुष.

एक उसळ केली म्हणून जात जाईल, असं आम्ही म्हणत नाही. बाबासाहेबांनीच ते बजावून ठेवलं आहे. संध्याकाळी पातेली घासून झाली की जो तो आपल्या घरी जाईल, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी फडक्यात भाकरी बांधून आपल्या दारात येईल. खरी पंगत तेव्हा बसायची आहे.

आम्ही आमच्यापुरतं ठरवलं आहे. वाल भिजवायच्या आदल्या दिवशी आम्ही आणि आमच्या घरची मंडळी त्या सुनेच्या घरी जाणार, झाल्या गोष्टीची माफी मागणार आणि तिच्या हातची भाकरी तिथंच बसून खाणार. तिने वाढली तर. हा अंक आपल्या हाती पडेल तोवर ते झालेलं असेल. कोणाला शंका असेल त्याने आम्हाला भर पंगतीत विचारावं.

सर्व कुटुंबांना वर्धापन दिनाच्या मंगल कामना.

जय भीम! नमो बुद्धाय!